एकशे सतरा नंबरचा बिल्ला

१

भोंगा वाजला तेव्हा समुद्रात एकही बोट नव्हती.

क्लिपमॉन्डमध्ये असं होत नाही. तारलीने भरलेली बोट धक्क्याला लागली की मासळीच्या कारखान्याचा भोंगा दोनदा लांब आणि एकदा आखूड वाजतो, आणि गावातल्या बाया हातातलं काम टाकून पळत सुटतात. चुलीवर रस्सा असो नाहीतर टबात मूल असो. फाटकाशी पोचायचं, कमरेचा पितळी बिल्ला फळ्यावरच्या आपल्या खिळ्याला अडकवायचा, मोजणी झाली की बिल्ला परत कमरेला आणि माणूस कामाला. आधीच आत काम करत असलेल्या बाईलाही यातून सुटका नाही. भोंगा म्हणजे नवी बोट, नवी बोट म्हणजे नवी मोजणी. तीही आतून फाटकाकडे धावते. पणज्यांच्या काळापासून हा रिवाज आहे आणि तो मोडायचं कुणाच्या मनातही येत नाही.

त्या दुपारी चार दिवसांचं धुकं गावावर बसलं होतं. बोटी धक्क्याला बांधलेल्या. आत शीतगृहातला जुना माल शिजत होता, तेवढंच काम. तरी भोंगा वाजला. दोन लांब, एक आखूड, आणि दुसऱ्या लांब सुरात मध्येच एक उसासा. दोनशे बाया पांढऱ्या डोईरुमालांत फाटकाशी उभ्या राहिल्या आणि पांढऱ्या धुक्याकडे बघत बसल्या. 

"तिसऱ्यांदा," शेवटी एकजण पुटपुटली. "ऊम फानीच आहे. तो असाच उसासा टाकायचा साखळी ओढताना."

ऊम फानी फिसर, म्हणजे फानीकाका, हा मासळी शिजवायच्या कुकरखान्याचा जुना मुकादम. तीन महिन्यांपूर्वी छोटी होडी घेऊन मासे धरायला गेला, होडी तेवढी परत आली. ती अजून धक्क्याला बांधलेली होती आणि तिच्यावर समुद्रपक्षीही बसत नव्हते.

हेस्टर फोर्टुइन नेमकी त्याच वेळी गाडीतून उतरली. तंटा मंडळाची तपासनीस, वय छप्पन्न, गुडघे दुखरे, जीभ तिखट. भुतांची चौकशी तिच्या कामात बसत नव्हती. ती आली होती एका हरवलेल्या कागदासाठी. ऊम फानीच्या जागी नवा मुकादम नेमला होता, त्या परीक्षेचं मूळ गुणपत्रक कुलूपबंद कपाटातून नाहीसं झालं होतं. आणि एक गोरा माणूस म्हणत होता की आपण गोरे म्हणून आपल्याला डावललं.

"शुक्रवारी निकाल द्यायचाय," ती स्वतःशीच म्हणाली. "आज बुधवार. भुता, जरा दम धर."

२

मॅनेजर क्लाइव्ह जेफ्ता तिला बघून खरंच खूश झाला. तोही कलर्ड, म्हणजे मिश्र वंशाचा, तीही कलर्ड, दोघांच्या आज्या एकाच चर्चमध्ये गायलेल्या.

"आपलं माणूस आलं, बरं झालं," खुर्ची पुढे करत तो म्हणाला. "आपण मधले, हेस्टर. तेव्हा पुरेसे गोरे नव्हतो, आता पुरेसे काळे नाही. त्या दोघांचं भांडण आपल्यालाच नीट दिसणार."

हे वाक्य हेस्टरने आपल्या भाच्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. तरी ते मायेने कानात शिरलं, आणि तिथेच तिची पहिली चूक झाली.

उमेदवार दोन, जेफ्ता म्हणाला. डाविड लॉटर, गोरा, सव्वीस वर्षं याच कारखान्यात, उपमुकादम. आणि झोलानी टियाली, काळा, खोसा जमातीचा, एकतीस वर्षांचा, पदविका घेतलेला, वर्षभरापूर्वी आलेला. प्रत्यक्ष कामाची परीक्षा निवृत्त होण्याआधी ऊम फानीनेच घेतली. झोलानी वर आला, झोलानीला जागा मिळाली.

"आणि तो कागद?"

"कपाटात ठेवला होता. किल्ली माझ्याकडे, दुसरी ऊम फानीकडे. ती त्याच्याबरोबर समुद्रात गेली." जेफ्ताने खांदे उडवले. "लोक काय काय बोलतात, तू ऐकलंसच."

एक बाई चहा घेऊन आली. हेस्टर वहीत लिहीत होती. तिने मान वर न करताच कप घेतला.

"साखर?"

"दोन."

बाई दाराशी थबकली, मान तिरकी करून भिंतीपलीकडचं ऐकू लागली. "तीन नंबर आज परत खोकतोय," ती म्हणाली.

"औषध द्या बिचाऱ्याला," हेस्टर लिहिता लिहिता म्हणाली. बाई निघून गेली.

३

डाविड लॉटर जेवणघरात बसला होता. त्याने आधी खुर्ची फिरवून उजवी बाजू तिच्याकडे केली. सव्वीस वर्षांच्या वाफेने डावा कान गेला होता, आणि ते तो सांगायचा नाही.

"हसा," तो म्हणाला. "गावात सगळे हसतात. गोऱ्याने अन्यायाची तक्रार करायची म्हणजे मांजरीने दुधाची नासाडी झाली म्हणून रडायचं."

"मी हसले का?"

"नाही." तो जरा नरमला. "माझ्या बापाला इथं कातडीवर नोकरी मिळाली. कबूल. पण मी सव्वीस वर्षं गरम वाफेत उभा राहिलो. मला दोन पोरी आहेत, त्या विचारतात, पप्पा, तुम्ही नापास झालात का? मी काय सांगू त्यांना?"

हेस्टरचा बाप गवंडी होता. मुकादमाच्या जागा कायद्यानेच गोऱ्यांसाठी राखलेल्या काळात तो तीन गोऱ्या पोरांना काम शिकवून त्यांच्याच हाताखाली राबला. समोरच्या माणसाचा राग यावा असं तिला वाटत होतं, पण येत नव्हता. अन्याय खरा असेल तर तो खरा, कातडी कुठलीही असो, याच कामाचा तर तिला पगार होता.

डाविडने खिशातून घडीचा लिफाफा काढला. वर फक्त आकडा होता: ११७. आत गुणपत्रकाची नक्कल, ऊम फानीच्या ठसठशीत अक्षरात. नावं नाहीतच, नुसते नंबर.

११७ — ८१
४०२ — ७४
५६ — ६२

"एकशे सतरा मी." डाविडने गळ्यातलं पांढरं ओळखपत्र पुढे केलं. नंबर तोच होता. "चारशे दोन तो पोरगा. हा लिफाफा माझ्या टपालाच्या खणात आला, म्हातारा बुडाला त्याच दिवशी."

सोबत चिठ्ठी होती. "तुझे गुण तुझ्याजवळ असू देत. वरचे लोक दाखवणार नाहीत. कुकर काट्यावर चालत नाही, कानावर चालतो, आणि या कारखान्यात तुझ्यासारखा कान दुसरा नाही. फानी."

हेस्टरने चिठ्ठी दोनदा वाचली. मग डाविडच्या डाव्या बाजूला सरकून हळूच म्हणाली, "कान चांगला आहे तुमचा?"

तो समोर बघत राहिला. त्याला ऐकूच आलं नव्हतं.

"आणि हा छप्पन्न कोण?" तिने मोठ्याने विचारलं.

डाविडने पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. "माहीत नाही," तो म्हणाला.

जेफ्ताने कामगारांची यादी काढून दाखवली तेव्हा हेस्टरने छप्पन्नवर बोट ठेवलं. छप्पन्न नंबर ऊम फानी फिसरचा होता. बुडालेल्या माणसाने आपल्याच जागेच्या परीक्षेत स्वतःला बासष्ट गुण देऊन ठेवले होते.

४

गुरुवारी धुकं कुकरखान्यात शिरलं होतं. खिडक्यांच्या फटींतून येऊन ते वाफेत मिसळायचं आणि मग कुठलं कुठलं ते कळायचं नाही. पाच मोठाले लोखंडी कुकर आडवे पडलेले. छतापासून भोंग्याची साखळी लोंबत होती आणि तिला कुणीही हात लावलेला नसताना ती जराशी डोलत होती.

झोलानी टियाली साखळीपासून दूर उभा होता. हसरा चेहरा, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"मॅडम, एक विचारू?" तो म्हणाला. "माझे चौऱ्याहत्तर खरे आहेत ना?"

"खरे आहेत."

"मग बरं. कारण जो तो माझ्याकडे असा बघतो की हे दान आहे. तिकडे डाविड म्हणतो मी त्याची जागा खाल्ली. इकडे बाया म्हणतात, मेलेल्याला मी पसंत नाही. मी काल आईला फोन केला, म्हटलं, बायबल वाचून पाणी पाठव. पदविका आहे माझी, आणि मी पाणी मागवतोय!"

"भोंगा वाजतो तेव्हा तू कुठे असतोस?"

"फाटकावर. मोजणी मुकादमाला करावीच लागते. सगळे बाहेर, इथं कुणी नाही. परत येतो तर साखळी डोलत असते आणि तीन नंबरच्या भोवती जमीन ओली." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "उकळतं पाणी, मॅडम. कुणी पाय धुतल्यासारखं."

हेस्टर तीन नंबरच्या कुकरजवळ गेली. "याला काय झालंय?"

"काही नाही. एक-दोन बाया येऊन सांगतात, तीन नंबर खोकतो म्हणून. मी दाबाचा काटा बघतो. हा बघा, जागचा हलत नाही. जेफ्तासाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तुला पाडायला सगळे टपलेत, कुणाचं ऐकू नकोस, काट्यावर विश्वास ठेव."

तीन नंबर खोकतो. हेस्टरला चहाचा कप आठवला, दोन चमचे साखर आठवली, आणि तो देणाऱ्या बाईचा चेहरा काही केल्या आठवेना. तिला लाज वाटली.

ती काट्याकडे बघत राहिली. बाकीच्या चार काट्यांची टोकं थरथरत होती, जशी आगीवरच्या भांड्यावर झाकणं थरथरतात. तीन नंबरचा काटा चित्रातल्यासारखा गप्प होता.

"झोलानी," ती म्हणाली, "जिवंत काटा इतका शांत असतो?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच जेफ्ताने तिला बाहेरून हाक मारली. डाविड आला होता, निकाल नेमका कधी म्हणत. ती त्याच्याशी बोलायला अंगणात गेली आणि दहा पावलं चालली असेल नसेल, भोंगा वाजला.

दोन लांब. मधला उसासा. एक आखूड.

बाया आतून बाहेर आल्या, गावातून आल्या, धुक्यातून नुसते पांढरे डोईरुमाल तरंगत आल्यासारखे दिसले. झोलानी मोजणीला धावला. हेस्टरही दुखऱ्या गुडघ्यांनी फाटकापर्यंत पळाली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा तो फळा जवळून पाहिला. खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक खिळ्याखाली रंगवलेला नंबर, एकेक पितळी बिल्ला टणटण अडकत होता. हंगामी बायांच्या झिजलेल्या, आज्यांपासून चालत आलेल्या नंबरांना कुणी हात लावला नव्हता.

सगळे खिळे भरले. एक सोडून.

रिकाम्या खिळ्याखाली लिहिलं होतं, ११७.

पण एकशे सतरा नंबरचा माणूस तर तिच्या शेजारी उभा होता, गळ्यात पांढरं ओळखपत्र घालून.

"लॉटर," ती त्याच्या उजव्या कानाशी म्हणाली, "हा खिळा कुणाचा?"

डाविड लॉटरचा चेहरा धुक्याहून पांढरा पडला. आणि मग कुकरखान्याच्या बाजूने, एकटीच, न पळता, एक बाई आली. बाही कोपरापर्यंत भिजलेली, मनगट वाफेने लाल. तिने कमरेचा बिल्ला काढला आणि एकशे सतराच्या खिळ्याला अडकवला. ती चहावाली बाई होती.

५

जेफ्ताच्या खोलीत पाचजण जमले. बाई बसायला तयार नव्हती. हेस्टरने स्वतःची खुर्ची तिला दिली आणि आधी नाव विचारलं. सोफी अदोनिस. चौतीस हंगाम. कुकरच्या तोंडाशी डब्यांच्या जाळ्या लावण्याचं काम. रविवारी चर्च, तिसरा बाक.

"आधी भूत संपवू," हेस्टर म्हणाली. "भोंगा वाजला की सगळी माणसं कुकरखान्यातून फाटकाकडे पळतात. घाबरवण्यासाठी हे कुणी करत असेल असं मला वाटत होतं. पण इथं पळवून लावणं हाच उद्देश असेल तर? तीन नंबरचा काटा अडकलाय. दाब वाढतो तेव्हा काट्याला कळत नाही, पण कुकर खोकतो. तो खोकला जिला ऐकू येतो, ती साखळी ओढते, हॉल रिकामा करते आणि मग एकटी थांबून हाताने वाफ सोडते. हेच ना, सोफी?"

"ऊम फानीनेच शिकवलं होतं," सोफी म्हणाली. "साखळीसुद्धा त्याच्याकडूनच ओढायला शिकले. तो उसासा त्याचा नाही, आंटी. वॉशर झिजलाय भोंग्याचा."

"सांगितलं का नाहीस कुणाला?"

"सांगितलं. याला दोनदा." तिने झोलानीकडे बघितलं, रागाने नव्हे. "पोरगं घाबरलेलं. काटा दाखवत राहिलं. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, सोफी, तू डबे बघ. न विचारता कुकर बंद केला तर पुढच्या हंगामात बिल्ला मिळत नाही. मग काय करू? आत साठ बाया असतात. माझी लेक असते त्यांत."

झोलानीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठला, म्हणाला, "आधी तीन नंबर बंद करून येतो," आणि गेला. तो परत येईपर्यंत हेस्टरने कामगारांची यादी टेबलावर पसरली.

"आता कागद," तिने पुढे सुरुवात केली. "वीस वर्षांपूर्वी कायम कामगारांना पांढरी ओळखपत्रं मिळाली, नवे नंबर मिळाले. हंगामी बायांना कोण देतो? त्यांचे पितळी बिल्ले तेच राहिले. सोफी, ऊम फानी तुला काय हाक मारायचा?"

"एकशे सतरा. सगळ्यांनाच नंबराने. जुन्याच. नवे त्याने कधी पाठच केले नाहीत."

"म्हणजे म्हाताऱ्याने स्वतःला गुण दिलेच नाहीत. झोलानी नंतर आला, त्याला जुना नंबरच नाही, म्हणून चारशे दोन. पण बाकीचे दोन नंबर जुन्या यादीतले. लॉटर, वीस वर्षांपूर्वी तुमच्या बिल्ल्यावर काय होतं?"

डाविडने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

"छप्पन्न," डाविड म्हणाला.

"चिठ्ठीतल्या कानाचं काय?"

"एकदा डोक्यात आलं होतं." त्याने हनुवटीवरून हात फिरवला. "दाढी करताना. छप्पन्न तर माझा. मग मी दाढी पुरी केली आणि म्हटलं, म्हातारा चळला असेल. देवाशपथ सांगतो, दुपारपर्यंत मला ते खरंच वाटायला लागलं होतं. दुसरं खरं असतं तर मी पोरींना काय सांगणार होतो?"

"लिफाफा सोफीसाठी होता. हंगामी बाईला टपालाचा खण नसतो, म्हणून एकशे सतरा लिहिलेला लिफाफा एकशे सतराच्या खणात गेला. तुमची तक्रार खोटी नव्हती, चुकीची होती. गोरे म्हणून तुम्हाला कुणी डावललं नाही. तुम्ही तिसरे आलात." मग ती वळली. "पण उमेदवार तीन होते आणि मला दोन सांगितले गेले. क्लाइव्ह, किल्ली एकच उरली होती ना?"

जेफ्ता हसायचा प्रयत्न करत होता. "तिचा अर्ज मी परत केला होता. हंगामी माणसाला कायम जागेसाठी अर्ज करता येत नाही."

"नियम दाखव."

"रिवाज आहे."

"ऊम फानी म्हणाला, अर्ज दिलायस ना, चल," सोफी मध्येच म्हणाली. "दुपारभर माझ्याकडून पाचही कुकर चालवून घेतले. शेवटी म्हणाला, झालं. बस एवढंच."

"आणि त्याचा कागद तुझ्या टेबलावर आला," हेस्टर जेफ्ताला म्हणाली. "तू बाहेरच्यांसाठी दोन नावं ठेवलीस आणि तिसरं कपाटातून उडवलंस."

"हेस्टर, तू आपली आहेस, समजून घे!" जेफ्ता टेबलावर झुकला. "एकीला कायम केलं की उद्या दोनशे बिल्ले या टेबलावर. चौतीस वर्षांचा हिशेब मागतील. कारखाना बंद पडेल. आणि नेमलं कुणाला? दुसऱ्या नंबरच्या माणसाला. त्यात काय वाईट केलं? वर हे दोघं भांडायला लागले..."

"तेव्हा तुला बरंच वाटलं. काळं-गोरं पेटलं की तिसरं कोण बघतं?" तिला त्याच्याइतकाच स्वतःचा राग आला होता. "दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथं तिसरीचं नावसुद्धा कुणी विचारलं नाही. मीही नाही. तिने मला चहा दिला, मी मान वर केली नाही. आपलं माणूस, आपलं माणूस म्हणत होतास ना? ती कोण होती, क्लाइव्ह? ती तुझ्याच चर्चच्या तिसऱ्या बाकावर बसते."

६

शुक्रवारी धुकं तसंच होतं. हेस्टरने निकाल लिहिला: डाविड लॉटर यांची तक्रार अमान्य. तिच्या हातात तेवढंच होतं. मंडळ न आलेल्या तक्रारीचा निकाल देत नाही. म्हणून तिने कोरा अर्ज काढला आणि फाटकाशी जाऊन सोफी अदोनिसपुढे धरला. मुदतीचे थोडेच दिवस उरले होते.

"हे भरलं की पुढच्या हंगामात बिल्ला मिळणार नाही," सोफी म्हणाली.

"कदाचित नाही मिळणार. मी खोटं सांगणार नाही."

सोफीने अर्ज भिंतीला टेकवला. नाव लिहिताना थांबली. सही करायच्या जागी चौतीस वर्षं तिने नंबरच लिहिला होता. मग पूर्ण नाव लिहिलं, सोफिया माग्दालेना अदोनिस. खाली वर्णाच्या चार चौकटी होत्या. तिने आपल्या चौकटीत फुली मारली आणि म्हणाली, "मला ज्याने अडवलं, त्याची चौकटच नाही यात."

शेवटची ओळ साक्षीदाराची. झोलानी पेन काढून पुढे झालाच होता, तोच मागून पावलं वाजली.

डाविड लॉटर होता. दाढी न केलेला. त्याने झोलानीकडे बघितलं नाही, हेस्टरकडेही नाही. खिशातून घडीचा लिफाफा काढला, वरचा आकडा अंगठ्याने पुसल्यासारखा केला आणि सोफीपुढे धरला.

"तुझं पत्र आहे," तो म्हणाला. "तीन महिने माझ्याकडे होतं. फोडलं मी. माफ कर."

सोफीने लिफाफा घेतला. चिठ्ठी काढली आणि तिथेच, फळ्याखाली उभं राहून, ओठ हलवत वाचू लागली. तुझ्यासारखा कान दुसरा नाही, इथवर आली तेव्हा तिचे ओठ थांबले. तिने तोंड फिरवून धुक्यात, धक्क्याला बांधलेल्या त्या होडीकडे बघितलं.

डाविडने झोलानीच्या हातातलं पेन घेतलं.

"साक्षीदाराला काय लिहायचं असतं?" त्याने उजवा कान पुढे करत विचारलं.

"जे माहीत आहे ते," हेस्टर म्हणाली.

त्याने अर्ज भिंतीला टेकवला आणि सावकाश लिहिलं: "मी छप्पन्न नंबर. एकशे सतरा ही आहे."